मानहाइमचा रविवार आणि शेवयांचं आइस्क्रीम

दादा जर्मनीत मानहाइमला असतो, तर मागच्या वर्षी मी नि आई जाऊन आलो. फोटो सगळ्यांना पाठवले, पण बोलायचं खरं तर रोजच्या गोष्टींबद्दल आहे.

पहिलं म्हणजे पत्ता. या गावाच्या मधल्या भागात बहुतेक रस्त्यांना नावच नाही! सगळे चौकोनी ब्लॉक, आणि ब्लॉकला अक्षर नि आकडा, म्हणजे क्यू ७, पी ३ असं. राजवाड्याच्या बाजूनं अक्षरं सुरू होतात, मधल्या मोठ्या रस्त्यापासून जसं दूर जाल तसा आकडा वाढतो आणि घरांचे नंबर ब्लॉकला प्रदक्षिणा घालत जातात. आई दादाला विचारून राहिली होती, "अरे पण जवळ मंदिर कोणतं, चौक कोणता?" आपल्याकडं त्याशिवाय कोणी घरी पोचते का बापा.

मग रविवार. दुकानं बंद, आणि तेही कायद्यानं. रविवारची सुट्टी त्यांच्या संविधानातच आहे. उघडं काय, तर बेकरी काही तास, पेट्रोल पंप, स्टेशनवरची दुकानं, एवढंच. त्या दिवशी ड्रिल मशीन चालवायचं नाही, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत कारण खळखळ आवाज होते. आणि इथं नागपुरात आमच्या शेजाऱ्यांचं फरशीचं काम नेमकं रविवारी सकाळीच सुरू होते, तर्री पोहा घेऊन येईपर्यंत ग्राइंडर चालू! आईला पहिल्या रविवारी करमलंच नाही, मला मात्र जाम आवडलं. नेकार नदीच्या काठानं सगळं गाव नुसतं पायी फिरत होतं, म्हातारे, लेकरं, कुत्रे, सगळे.

बाटल्यांचं प्रकरण आईला आवडलं. पाण्याची प्लास्टिकची बाटली किंवा कॅन घेतला की २५ सेंट जास्तीचे द्यायचे, रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी निघते, ती बिलातून वजा. बिअरच्या काचेच्या बाटलीचे ८ सेंट. आणि ज्याला परत न्यायचा कंटाळा तो बाटली कचऱ्याच्या डब्यात न टाकता बाजूला उभी ठेवते, म्हणजे गोळा करणाऱ्याला डब्यात हात घालावा लागू नये. हे मला फार भारी वाटलं. आई मात्र २५ सेंटचे रुपये करून दादाच्या घरच्या बाटल्या मोजत बसायची.

जेवणाचं काय सांगू. दादाच्या शेजाऱ्यांनी संध्याकाळी जेवायला बोलावलं, तर टेबलावर ब्रेड, चीज, काकडी, लोणी, सगळं थंड. बऱ्याच घरांत गरम जेवण दुपारी, आणि रात्री असं थंडच असते म्हणे. आई अर्धा तास हात आखडून खात होती, मग माझ्या कानात, "भाजी केव्हा आणतील?" ब्रेड खरंच मस्त होता, पण रात्री थंड जेवण म्हणजे माझ्यानं नाही होत. करीवुर्स्टचं तर नावच ऐकून मी खूश झाले होते, बर्लिनमध्ये १९४९ मध्ये हेर्टा हॉयवर नावाच्या बाईनं सुरू केलेला प्रकार, पण सावजीवर वाढलेल्या जिभेला सॉसेजवर गोडसर केचप सॉस नि वरून चिमूटभर करी पावडर म्हणजे... असो. आणि कच्चा डुकराचा खिमा ब्रेडवर कांदा घालून खातात, तो फक्त पाहिला.

सगळ्यात मजा आली ती स्पगेटी आइसची, म्हणजे स्पगेटी या इटालियन शेवयांच्या प्लेटसारखं दिसणारं आइस्क्रीम. याच मानहाइममध्ये १९६९ साली दारिओ फोंतानेल्ला नावाच्या आइस्क्रीमवाल्यानं काढलं. व्हॅनिला आइस्क्रीम एका दाबयंत्रातून काढायचं, खाली क्रीम, वर स्ट्रॉबेरीचा लाल सॉस आणि चीज दिसावं म्हणून पांढऱ्या चॉकलेटचा कीस. सुरुवातीला लेकरं रडायची म्हणे, आम्हाला आइस्क्रीम पाहिजे होतं, जेवण नाही! आईनं प्लेट पाहिली नि म्हणाली, "हे तर सोऱ्यातून काढलेलं आहे." दादानं सांगितलं की यंत्र आधी गार करून ठेवावं लागते, नाहीतर आइस्क्रीम वितळते.

तेवढंच आईच्या डोक्यात बसलं. आमचा चकलीचा सोऱ्या सध्या फ्रीजरमध्ये आहे, संत्र्याचं आइस्क्रीम लावून दोनदा प्रयोग झाले, पण नागपूरचा मे महिना, शेवया वाटीत पडायच्या आधीच सरबत होऊन राहिलं. आता थंडीत करू म्हणते.