वायपर मरतो उन्हाळ्यात

चाळीसगावात ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान असेल तर पहिला दणकून पाऊस कधी झाला ते पेपरात बघावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आतच वायपरवाल्यांची रांग लागलेली असते. कुणाचा टुकटुक करतो, कुणाचा नेमकं डोळ्यांसमोरचं सोडून बाकी सगळी काच पुसतो, तर कुणाचा जागचा हलत नाही. सगळ्यांचं म्हणणं मात्र एकच, "कालच्या पावसात बिघडला."

पावसात कसला बिघडतो? बिघडलेला असतो मार्च-एप्रिलमध्येच, पावसात फक्त कळतं. हे मी कितीतरी जणांना सांगत आलोय आणि ते माझ्याकडे पैसे काढायला बसलेला माणूस म्हणून बघत आलेत. पण गेल्या जुलैत एक गाडी आली. त्या गाडीने हे सगळं गिऱ्हाइकासमोरच दाखवून दिलं, म्हणून हे लिहितोय.

गाडी जुनी, छोटी, पण चांगली ठेवलेली. मालक एका हायस्कुलात सर. मुलगी छत्रपती संभाजीनगरला शिकायला, त्यामुळे नवराबायकोची कन्नड घाटातून सारखी ये-जा. पावसाळ्यातला आमचा घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ३१ ऑगस्ट २०२१ ला तिथे दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, ते लोक अजून विसरलेले नाहीत. वरून धो धो पाऊस, अंगावर येणारं धुकं, बाजूला दरी. अशात सरांचा वायपर अर्ध्या काचेवर उभा राहायचा. एकदा तर त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून वळण घेतलं म्हणे.

आमच्याकडे येण्याआधी गाडी दोन ठिकाणी जाऊन आली होती. एका ठिकाणी रिले (स्विचच्या इशाऱ्यावर करंट जोडणारी डबी) बदलला, दुसरीकडे स्टेअरिंगखालचा अख्खा कॉम्बिनेशन स्विच बदलला. आता "मोटर गेली, नवी टाका" असा निकाल लागला होता, आणि त्याचं कोटेशन सरांच्या खिशात होतं. चिडलेले होते, आणि चिडायला कारणही होतं. कारण गॅरेजमध्ये गाडी उभी केली की वायपर अगदी शहाण्यासारखा चालायचा. मेकॅनिक दोन मिनिटं चालवून बघायचा, "ओके आहे सर" म्हणायचा, आणि पुढच्या खेपेला घाटात पुन्हा तेच.

मी त्यांना एक प्रश्न विचारला. "सर, मध्येच थांबल्यावर तुम्ही स्विच बंद केला तर तो खाली जाऊन बसायचा का?"

"नाही. तिथेच. हातानेसुद्धा हलायचा नाही."

माझं अर्धं काम तिथेच झालं. कसं ते सांगतो. चालत्या वायपरचा स्विच तुम्ही काच अर्धी पुसून झाल्यावर बंद केला तरी वायपर मध्ये थांबत नाही, फेरी पुरी करून खाली जाऊन बसतो. कारण मोटरच्या गिअरवर एक पत्र्याची गोल चकती असते, तिला एका जागी खाच. स्विच बंद केला तरी या चकतीवरून दुसऱ्या वाटेने मोटरला करंट मिळत राहतो. पाती खाली पोचली की खाच समोर येते, करंट तुटतो, आणि त्याच क्षणी मोटरची ती वायर अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, जोडली जाते, म्हणजे मोटर स्वतःलाच ब्रेक लावते. आता नुसता स्विचचा चालू बाजूचा पॉइंट खराब असता तर स्विच बंद केल्यावर वायपर या दुसऱ्या वाटेने खाली गेलाच असता. तो गेला नाही, म्हणजे दोन्ही वाटा जिथे एकत्र येतात तिथे गडबड. राहिलं काय? फ्यूज, अर्थ, नाहीतर मोटरच्या पोटातलं काहीतरी. आणि उडालेला फ्यूज काही आपोआप जोडला जात नाही.

फ्यूज बॉक्स उघडला तर तिथेही गंमत. झाकणावर वायपरसाठी २० अँपिअर लिहिलेलं, म्हणजे पिवळा फ्यूज. बसवलेला मात्र हिरवा, ३० चा. मधे कधीतरी पिवळा उडाला असणार, आणि कुणीतरी तो का उडाला हे न बघता जाडा घालून मोकळा झाला. असल्या माणसाच्या हातात पान्याऐवजी झाडू दिला पाहिजे. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. जाडा घातला की फ्यूज जळत नाही, त्याऐवजी वायर जळते.

मोटरची अर्थ बघितली, चोख होती. तेवढ्यात मागच्या बाकड्यावर बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "दादा, एक सांगू का? वर जाऊन चहा पिसन निंघनूत का चालू व्हई जास तो. दरवेळी." सर म्हणाले, "अगं, त्याचा काय संबंध?"

संबंध होता. सगळा संबंध तिथेच होता. जाता जाता सांगतो, काच पुसणाऱ्या दांडीचं अमेरिकेतलं पेटंट १९०३ सालचं, मेरी अँडरसन नावाच्या बाईंचं. न्यूयॉर्कच्या ट्रॅममध्ये बसल्या असताना चालकाची काच पुसायची तारांबळ बघून त्यांना ते सुचलं. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं, त्यामुळे बाजूला बसलेल्याला जास्त दिसतं. मी तर गाडी दाखवायला येणाऱ्याला हल्ली सांगतो, शेजारी बसणारं माणूस सोबत आण.

तर चहा. चहा म्हणजे दहा-पंधरा मिनिटं गाडी बंद, म्हणजे मोटर थंड. पुष्कळ वायपर मोटरांमध्ये एक छोटी दोन धातूंची पट्टी असते. मोटर प्रमाणाबाहेर तापली की ती वाकते आणि करंट तोडते, गार झाली की सरळ होऊन पुन्हा जोडते. मोटर जळू नये म्हणून केलेली सोय. थोडक्यात, मोटर मेलेली नव्हती. ती जीव वाचवत होती.

पण तापत का होती? हे बघायला दोन मिनिटं पुरणार नव्हती. पोऱ्याला सांगितलं, पाण्याचा पाइप घे आणि काचेवर सोडत राहा. इंजिन चालू, वायपर चालू, आणि वायरीवर करंट मोजायचा क्लॅम्प मीटर. ओल्या काचेवर अशा गाडीचा वायपर तीन-चार अँपिअर खातो. इथे मीटर नऊच्या खाली उतरत नव्हतं. पाती काचेवरून उचलून उभी केली, तरी आठ. म्हणजे रबर आणि काचेचा दोष नाही. मग पाती परत टेकवून तसंच चालू ठेवलं. पोऱ्या कंटाळला, सर घड्याळ बघायला लागले, पाव तास होत आला आणि पाती चढता चढता मधेच उभी. मोटरच्या अंगाला हात लावला, हात ठेववत नव्हता.

स्विच तसाच चालू ठेवून आम्ही सगळे बाजूला चहा पीत उभे राहिलो. गाडीत कुणी नाही. थोड्या वेळाने वायपर एकदम उसळला आणि काच पुसायला लागला. पोऱ्या दचकून ओरडला, "चालू व्हयनं, चालू व्हयनं!" वहिनींनी सरांकडे बघितलं, बोलल्या काहीच नाहीत.

आता खरं काम. काचेखालची ती काळी प्लास्टिकची जाळी असते ना, ती काढल्याशिवाय वायपरचं काहीच दिसत नाही, आणि ती काढायचा कंटाळा हेच निम्म्या चुकीच्या निकालांचं कारण. आधी पाती बसल्या जागी काचेवर चिकटपट्टीने खूण केली, म्हणजे परत बसवताना एक दातासुद्धा इकडेतिकडे होत नाही. नट काढून पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार, लावून दांडे उपसले. इथे हातोडी मारणारे आहेत, त्यांच्यामुळेच काचवाल्यांचं दुकान चालतं.

जाळी उचलली आणि पोऱ्या म्हणाला, "दादा, हाई तर शेत शे." खोटं नव्हतं. कडुनिंबाची पानं, काड्या, लिंबोळ्या, वर बोटभर धुळीचा थर, आणि सगळं भिजून चिकट चिखल झालेला. पाणी जायला कोपऱ्यात जी भोकं असतात ती पार बुजलेली. त्या चिखलात दोन लिंबोळ्यांना कोंबही आले होते. सरांची गाडी घरासमोर निंबाखाली उभी असते. मार्चमध्ये पानगळ, ती जाळीत. त्यावर वावटळीची धूळ. रविवारी सर पाइप लावून गाडी धुणार, ते पाणी आत साचणार, उन्हाने आटणार, पुन्हा धुणार. असा सगळा उन्हाळा.

मोटरच्या क्रँकपासून लिंकेज, म्हणजे मोटरची फेरी दांड्यांपर्यंत नेणाऱ्या पट्ट्या, सोडवलं आणि नुसती मोटर चालवली. दीड अँपिअर, आवाज गोड. मोटरच्या आतला आर्मेचर मिनिटाला हजारांनी फेरे मारतो, वर्म गिअर तो वेग पन्नासेक पटीने उतरवतो आणि त्या बदल्यात जोर वाढवतो. म्हणूनच एवढीशी मोटर दोन दांडे ओढू शकते, आणि म्हणूनच समोर काहीतरी अडकलं तरी ती चटकन हार मानत नाही, ओढत राहते आणि तापते. मग दांडे ज्या दोन स्पिंडलवर बसतात ते हाताने फिरवून बघितले. ड्रायव्हरच्या बाजूचा बोटाने फिरला. डावीकडचा पक्कड लावून फिरवावा लागला.

तो स्पिंडल बाहेर काढणं हा या दिवसाचा सगळ्यात चिवट भाग. वरची लॉक रिंग काढली, रस्ट स्प्रे मारून ठेवला, जेवून आलो. आट्यांना मार लागू नये म्हणून नट उलटा लावून हळूहळू ठोकला. लोखंडी दांडी अॅल्युमिनियमच्या नळीत असते. पाणी शिरलं की दांडी गंजते, नळीतही पांढरी भुकटी धरते, आणि दोघं मिळून फुगून एकमेकांना आवळतात. निघाला तेव्हा दांडीवर तपकिरी गंज, त्यावर तो पांढरा थर, आणि ग्रीस म्हणून जे काही होतं ते डांबरासारखं घट्ट. पॉलिश पेपरने दांडी चकचकीत केली, नळी आतून पुसली, नवं ग्रीस, नवी ओ-रिंग. पाणी अडवायचं काम त्या ओ-रिंगचं असतं, आणि आमच्याकडच्या उन्हात तीच पहिली कडक होऊन तडकते.

सगळं जोडलं. मोटर आधी एकदा चालवून तिच्या बसायच्या जागी थांबवली, मगच दांडे चढवले. मीटर ओल्या काचेवर साडेतीन. तासभर पाणी मारत चालवला, मोटर कोमट. हिरवा फ्यूज काढून पिवळा घातला.

पाणी उडवायचा फवारा सरांनी तक्रारीत धरलाच नव्हता, "तो कधीच बंद झालाय" म्हणाले. मला असलं सोडवत नाही. स्टेअरिंगजवळची फवाऱ्याची दांडी ओढली, तर खालून पंपाचा गुरगुर आवाज आला. म्हणजे पंप जिवंत. नोझलची नळी काढून पुन्हा ओढली, पाणी समोरच्या पानटपरीपर्यंत. म्हणजे नळी, टाकी, टाकीच्या बुडाची जाळी सगळं ठीक. नोझलच्या तोंडाशी बघितलं तर पांढरा खडा. बोअरचं पाणी. घरी बादलीच्या काठाला जो थर धरतो तोच. नोझल व्हिनेगरमध्ये भिजत घातली, खडा विरघळला, उरलेलं बारीक तारेने. किराणा दुकानात नव्या नोझलच्या किमतीत व्हिनेगरच्या कितीतरी बाटल्या येतील, पण लोकांना नवा पार्ट टाकला की बरं वाटतं. टाकीत आरओचं पाणी घालायला सांगितलं, आणि टाकी रिकामी असताना दांडी ओढत बसू नका म्हटलं. कारण पंपाला वंगण पाण्याचंच असतं.

फवारा चालू नसल्याचा तोटा काचेवर दिसत होता. सगळा उन्हाळा सर धुळीने भरलेली काच कोरड्या वायपरने पुसत आले होते. रबराची धार म्हणजे पातळ ओठ. जाताना तो एका बाजूला कलतो, येताना उलटून दुसऱ्या बाजूला. मे महिन्यात आपल्या जळगाव जिल्ह्यात पारा ४५ च्या आसपास असतो, त्यात तापलेल्या काचेवर पडून तो ओठ वाळून ताठ होतो. मग उलटत नाही, खरवडत जातो, आणि हाच तो टुकटुक आवाज. त्या ताठ ओठाखाली धुळीचे कण अडकले की काचेवर गोल ओरखडे. रात्री समोरून ट्रकचा लाइट पडला की ते सगळे एकदम चमकतात. ओरखडे मी काढू शकत नाही, ते सांगितलं. रबर मात्र नवी घातली.

सरांनी खिशातलं मोटरचं कोटेशन काढून बघितलं, माझं बिल बघितलं, आणि विचारलं, "मग आता निंब तोडू का?"

"निंब कशाला तोडता? मार्चच्या शेवटी एकदा येऊन जाळी साफ करून घ्या. नाहीतर गाडी चार हात पुढे लावा."

"पुढे ऊन लागतं," वहिनी म्हणाल्या. ते मात्र खरं.

त्या आठवड्यात मी पोऱ्याला कामच लावलं, वायपरची कुठलीही तक्रार आली की आधी जाळी उचलायची, मग माझ्याकडे यायचं. कपाशीचा कापूस निघाला, उंदराचं अर्धवट घरटं निघालं, आणि एका जीपमधून पाकिटासकट लग्नाची पत्रिका निघाली. जीपवाल्याने ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "आयला, म्हणून मामा बोलत नाही होय माझ्याशी!"