साम्य अहवाल निर्दोष, आलेख मात्र चुकीचा

महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात शोधप्रबंध येतो तो बहुधा अगदी अखेरीस, वाङ्मयचौर्य तपासणीसाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य ग्राह्य धरले जाते, आणि तेवढा अहवाल हाती पडला की संशोधकाला प्रबंध सुटल्यासारखा वाटतो. जत तालुक्यातील कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका बाई असाच प्रबंध घेऊन सांगलीला आमच्याकडे आल्या. साम्य मर्यादेच्या बरेच खाली होते आणि मार्गदर्शकांची संमतीही मिळालेली होती. अहवालाची प्रत काढत असताना दुसऱ्या प्रकरणातील एका आलेखाकडे माझे लक्ष गेले, आणि पुढचा सारा दिवस त्या आलेखानेच घेतला.

सांगली जिल्ह्याच्या लोकसंख्येचा तो आलेख होता. १९४१ पर्यंत रेषा जवळजवळ जमिनीलगत चाललेली, १९५१ च्या जागी ‘आकडेवारी उपलब्ध नाही’ अशी टीप, आणि १९६१ मध्ये लोकसंख्या एकदम कित्येक पटींनी वाढलेली. या उडीचे स्पष्टीकरण बाईंनी चांगली आठ-दहा पाने खर्चून दिले होते: सिंचन, वसंतदादा पाटलांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना, त्यामागून आलेले स्थलांतर. लेखन इतके सुसंगत होते की मूळ आकड्याविषयी शंका घेण्याचे कोणाला सुचलेच नसावे.

“मॅडम, १९४१ चा आकडा कुठून घेतलात?” मी विचारले.

“एका पुस्तकातून, सर. त्यांनी जनगणनेचा हवाला दिला आहे.”

“आणि प्रत्यक्ष जनगणनेचा खंड?”

“तो शोधला, पण सांगली जिल्हा असा काही त्यात सापडला नाही.”

सापडणार कसा? १९४१ मध्ये सांगली जिल्हा अस्तित्वातच नव्हता. त्या वर्षीचा ‘सांगली’चा आकडा सांगली संस्थानाचा होता, आणि त्या संस्थानात मंगळवेढा, तेरदाळ, शिरहट्टी असे दूरदूरचे, आज अन्य जिल्ह्यांत असलेले प्रदेशही होते. उलट तासगाव, खानापूर आणि वाळवा हे आजच्या जिल्ह्यातील मोठे तालुके ब्रिटिश अमलाखालील सातारा जिल्ह्यात, आटपाडी औंध संस्थानात, जत स्वतंत्र संस्थान आणि मिरजेची तर थोरली व धाकटी अशी दोन संस्थाने. १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी आज पलूस तालुक्यात आहे. तिची त्या काळची नोंद मात्र औंध संस्थानाच्या तक्त्यांत शोधावी लागते. १९४८ मध्ये ही संस्थाने विलीन झाली, १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे १९५१ ची आकडेवारी उपलब्ध होती, पण ती दक्षिण सातारा या नावाखाली. दोन वेगवेगळ्या भूभागांचे आकडे एकाच रेषेवर बसवल्यामुळे उडी दिसत होती. माणसे कुठून आलेली नव्हती.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी वही उघडली, हे मला फार आवडले.

संगणकासमोर बसण्यापूर्वी आम्ही कागदावर एक तक्ता आखला: डावीकडे आजचे तालुके आणि पुढे प्रत्येक जनगणनेच्या वर्षी तो प्रदेश कोणाच्या अमलाखाली होता. माझ्या मते प्रादेशिक इतिहासाच्या कोणत्याही कामात हा तक्ता शोधयंत्राच्या आधी हवा, कारण यंत्र आपण टाकलेलेच नाव शोधते; कागद तयार करणाऱ्या कारकुनाने कोणते नाव वापरले होते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. इंग्रजी कागदपत्रांत तर जतच्या शेवटी कधी एच असतो, कधी नसतो, आणि वाळवा कधी व्हीने सुरू होतो, कधी डब्ल्यूने. ही सगळी रूपे वापरून जनगणना कार्यालयाचे संकेतस्थळ, इंटरनेट अर्काइव्ह आणि पुण्याच्या गोखले संस्थेचा डिजिटल संग्रह धुंडाळले, तसे खंड एकामागून एक मिळत गेले. १८८५ चे सातारा गॅझेटियरही हाती आले.

सर्वांत उपयोगी ठरला तो १९६१ च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या सर्वसाधारण लोकसंख्या तक्त्यांचा खंड. त्यातील ए-दोन या तक्त्यात १९०१ पासूनच्या साठ वर्षांची लोकसंख्या १९६१ च्या जिल्हासीमांशी जुळवून दिलेली आहे. जे काम बाई अंदाजाने करू पाहत होत्या, ते जनगणना खात्याने तेव्हाच करून ठेवले होते. तक्त्यांखालच्या बारीक टाइपातील टिपा कोणी वाचत नाही. सीमाबदलांची हकिकत नेमकी तिथेच सापडते.

स्कॅन केलेल्या पानांवरून आकडे उतरवताना आणखी एक अडचण आली. यंत्राने ओळखलेल्या मजकुरात ३ चा ८ आणि १ चा ७ होतो, आणि शब्दांतली चूक डोळ्यांना खटकते तशी आकड्यांतली खटकत नाही. म्हणून एक्सेलमध्ये तालुक्यांची बेरीज करून ती छापील एकूण आकड्याशी ताडून पाहिली. जिथे फरक निघाला, तिथे पानाचे मूळ चित्र मोठे करून तपासले. प्रत्येक खंडाची झोटेरो या संदर्भ-नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतंत्र नोंद केली आणि तिच्या टिपेत तक्त्याचा व पानाचा क्रमांक, तसेच कोणते नाव टाकल्यावर खंड मिळाला, हेही लिहिले. ही शेवटची बाब बहुतेकांना निरर्थक वाटते. परंतु मौखिक परीक्षेत ‘१९५१ चा आकडा कुठला?’ असा प्रश्न आला, तर तीच टीप उपयोगी पडते. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील प्रबंधांविषयीही मी त्यांना एवढेच सांगितले की, त्यांच्या संदर्भसूचीचा वाट शोधण्यासाठी जरूर उपयोग करावा, पण त्यांतला आकडा मूळ खंड उघडल्याशिवाय उचलू नये.

संध्याकाळपर्यंत नवा आलेख तयार झाला आणि स्थलांतराचे स्पष्टीकरण गळून पडले. बाईंना त्याचे वाईट वाटले असणारच, तरी त्यांचे बोट आता १९११ ते १९२१ या दशकावर थांबले होते. त्या दशकात महाराष्ट्राच्या प्रदेशातील लोकसंख्या घटली होती आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मुंबई इलाख्यात फार मोठी मनुष्यहानी केली होती. जिल्ह्यातील तालुक्यांत त्या वर्षी नेमके काय झाले, हे शोधता येईल का, असे त्यांनी विचारले. तासगाव, खानापूर आणि वाळव्यासाठी मुंबई इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरचे, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या अधिकाऱ्याचे, वार्षिक अहवाल पाहावे लागतील. जत आणि आटपाडी त्यांत मिळणार नाहीत, त्यांच्यासाठी त्या त्या संस्थानाचे प्रशासन अहवाल शोधावे लागतील आणि त्याची सुरुवात कोल्हापूरच्या पुराभिलेखागारापासून करावी, असे मी सांगितले. प्रबंध सादर करण्याची तारीख पुढे ढकलण्याचा अर्ज त्यांनी तिथेच बसून लिहिला.