तुम्ही विचारलंत म्हणून : खाऱ्या खाचरातला राता

गाव पेणकडच्या खारेपाटात आणि नोकरी वनस्पतिशास्त्र शिकवण्याची. ही जोडी कळली की पुढचा प्रश्न ठरलेला : "खाडीकाठी रानटी झाडं मजेत वाढतात, मग आपल्या पिकांनाच मीठ का सोसत नाही? बियाणं निवडता निवडता माणसानं ती ताकद घालवली का?"

टोमॅटोचं विचारत असाल तर हो, बऱ्याच अंशी. भाताचं विचारत असाल तर आमच्या शेतावर चला.

एका उधाणात आमच्याकडचा बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, फुटला आणि खाचरांत खारं पाणी शिरलं. पुढच्या पावसाळ्यात काकांनी एका खाचरात दुकानातलं सुधारित बियाणं लावलं, शेजारच्यात घरचा राता, म्हणजे आमच्याकडचा जुना लाल भात. लावणी झाली आणि पावसानं दडी मारली. चिखल वाळला, भेगा पडल्या, ढेकळांवर मिठाची पांढुरकी साय धरली. सुधारित भाताच्या पातींची टोकं आधी पांढरी पडली, मग पाती सुरळीसारखी वळली. सगळ्यात आधी जुनी, खालची पानं गेली. राता पिवळा पडला, पण उभा राहिला. काका म्हणाले, "अरे, त्याला खाऱ्याची सवय आहे."

सवय म्हणजे नेमकं काय, ते २००५ साली एका जनुकातून उलगडलं. बंगालच्या खाऱ्या पट्ट्यातला 'नोना बोकरा' नावाचा जुना भात आहे, त्यात ते सापडलं. मुळांकडून वर जाणाऱ्या रसातलं सोडियम वाटेतच काढून घेणारं प्रथिन या जनुकापासून बनतं. नोना बोकरात ते जास्त चोख काम करतं, त्यामुळे पानापर्यंत मीठ कमी पोचतं आणि पानाला लागणाऱ्या पोटॅशियमची जागा अडत नाही. केरळच्या 'पोक्काळी' या जुन्या भातातही हे जनुक जिथे आहे तो गुणसूत्र १ वरचा टापूच महत्त्वाचा ठरला. एरवी भात हे धान्यांतलं फार नाजूक पीक. मातीची क्षारता ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की उतारा घसरू लागतो. म्हणजे हे गुण टिकले ते जिथे पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्यातच पेरावं लागलं तिथे. जगलेल्या लोंब्यांचंच बी पुढच्या वर्षी पेरलं जायचं, वेगळी निवड करायची गरजच नव्हती.

टोमॅटोला असं कुणी धरून ठेवलं नाही. गोड्या जमिनीत मोठं फळ बघून बी राखलं गेलं आणि सोडियम-पोटॅशियमचा तोल सांभाळणाऱ्या एका जनुकाचं चांगलं रूप मागे पडलं. चिनी संशोधकांनी २०२० मध्ये हे दाखवलं. ते रूप कुणी मुद्दाम टाकलं नव्हतं, गरज नसल्यामुळे ते टिकलं नाही.

गव्हाची गोष्ट उलटी. आपला बन्सी गहू मिठाला हळवा, पोळीचा साधा गहू त्यापेक्षा काटक. कारण साध्या गव्हात एका रानटी गवताची गुणसूत्रं शिरली आहेत, आणि हा संकर झाला तो शेती सुरू झाल्यावर, माणसाच्या पिकाशी. बन्सीला ती गुणसूत्रं मिळालीच नाहीत. पुढे ऑस्ट्रेलियात गव्हाच्या एका प्राचीन नातेवाइकाचं सोडियम अडवणारं जनुक त्याच जातकुळीच्या गव्हात आणलं, तर खाऱ्या जमिनीत उतारा २५ टक्क्यांपर्यंत वाढला. हे २०१२ चं.

रात्याचा लाल रंग म्हणजेच मिठाची ताकद, असं आमच्याकडे सर्रास मानतात. तसं नाही. तांदळाच्या लाल सालीचं जनुक गुणसूत्र ७ वर आहे, त्याचा मिठाशी संबंध नाही. आणि सुधारित बियाणं खाऱ्यात तगतच नाही, असंही नाही : पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं खाऱ्यात तगणाऱ्या सुधारित जाती काढल्याही आहेत.

काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली. यंदा उघाडीजवळच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारालगतच्या, दोन खाचरांत राता आहे, घराकडच्या चढावर दुकानातलं बियाणं. तिथे उतारा त्याचाच जास्त, हे त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक होतं.