आधी विहिरीत टेप सोडा, मग पेऱ्याचं बोला

दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातली विहीर तुडुंब दिसते आणि फसगत तिथूनच सुरू होते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत दहा मीटर पाणी असलं, तर ते साधारण २ लाख ८० हजार लिटर भरतं. हरभऱ्याला पाच सेंटिमीटरचं एक पाणी द्यायचं म्हटलं, तरी एकराला २ लाख लिटर लागतात. म्हणजे भरलेली विहीर ही फार तर दीड एकराची एक पाळी. बाकी सगळं पाणी बाजूच्या खडकातून पाझरून यायचं असतं, आणि तो खडक गावातल्या सगळ्या विहिरींना सामाईक असतो.

हा खडक कंजूष आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बेसाल्ट. भूजल मोजणीत झिजलेल्या किंवा मांजऱ्या (छिद्राळ) खडकातून १ ते ३ टक्के पाणी सुटतं असं धरतात, घट्ट काळ्या पाषाणातून अर्धा टक्काही नाही. दोन टक्के धरले, तरी एक घनमीटर खडक रिता झाला की हाती वीस लिटर येतात. त्यामुळे पाणीपातळी पावसाळ्यात झपाट्याने चढते आणि उपसा सुरू झाला की तितक्याच झपाट्याने उतरते. ऑक्टोबरची चढलेली पातळी बघून उसाचं बेणं टाकायचं ठरवणारा माणूस हा दुसरा भाग विसरतो.

यावर उपाय म्हणून पाण्याचा ताळेबंद सांगितला जातो. अटल भूजल योजनेत (मराठवाड्यातून जालना, लातूर आणि धाराशिव) आणि पोकरा या राज्याच्या कृषी प्रकल्पात तो करणं आलंच. पण बऱ्याच ग्रामपंचायतींच्या भिंतीवर रंगवलेला ताळेबंद हा पावसाच्या आकड्यावरून काढलेला असतो: इतका पाऊस, इतकं क्षेत्र, इतके टक्के मुरलं. हे मुरण्याचे टक्के खडकानुसार ६ पासून १४ पर्यंत बदलतात. आकडाच दुपटीने हलणार असेल, तर त्यावर पेरा ठरवायचा कसा? माझ्या मते विहिरीवरून काढलेला हिशोबच खरा.

त्यासाठी गावात १२ ते १५ विहिरी निवडा. वरच्या माळाच्या, मधल्या आणि ओढ्याकाठच्या, तिन्ही पट्ट्यांतल्या हव्यात. नुसत्या ओढ्याकाठच्या घेतल्या की गाव कागदावर श्रीमंत होतं. बोअर यात धरू नका. खोल बोअर वेगवेगळ्या थरांतलं पाणी एकत्र करतं आणि त्याची पातळी कुठल्या थराची हे कळत नाही. मोजायला फायबरची टेप घ्या, दोरी ओली झाली की तिची लांबी बदलते. टेपच्या टोकाला पोकळ नळीचा तुकडा तोंड खाली करून बांधला की पाण्याला टेकताना ‘डुब’ असा आवाज येतो, वाकून बघावं लागत नाही. कठड्यावर एक जागा रंगाने पक्की करा, दर वेळी तिथूनच मोजा आणि कठड्याची उंची वजा करा. मोटर बंद होऊन निदान बारा तास झालेले हवेत. नेमकी चूक इथेच होते: रात्रपाळीची वीज असते, मोटर पहाटेपर्यंत चाललेली असते आणि सकाळी आठला कुणीतरी माप घेतं. ते विहिरीतल्या खड्ड्याचं माप, गावच्या पातळीचं नव्हे.

पहिलं माप मे अखेरीस, पाऊस पडण्याआधी. दुसरं ऑक्टोबरात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चार वेळा मोजते, तेव्हा तेच महिने धरले तर ताडून बघता येतं.

आता समजा, डोंगर-कातळ वगळून गावाचं कामाचं क्षेत्र ८०० हेक्टर आणि पातळी सरासरी ४ मीटर चढली. ८० लाख चौरस मीटर गुणिले ४ गुणिले ०.०२, म्हणजे ६ लाख ४० हजार घनमीटर. सोयीसाठी ६४० टीसीएम म्हणू. एक टीसीएम म्हणजे दहा लाख लिटर. यातलं दहाएक टक्के ओढ्यावाटे आपोआप निघून जाणार, ते सोडा. दोन हजार माणसं, दर माणशी ५५ लिटर, ऑक्टोबर ते मे असे २४० दिवस: २६ टीसीएम. आठशे मोठी जनावरं ५० लिटरने आणि शेळ्या धरून आणखी दहा-अकरा. हे आधी काढून ठेवायचं, उरलं तर नव्हे. शेतीला राहिले साधारण ५४० टीसीएम.

आता पेरा. ऊस २० हेक्टर. पाटपाण्यावर ऑक्टोबर ते मे सुमारे १५०० मिलीमीटर धरले तर ३०० टीसीएम. हरभरा १०० हेक्टर, २०० मिलीमीटरने २००. गहू ४० हेक्टर, ४०० मिलीमीटरने १६०. बेरीज ६६०. तूट १२० टीसीएमची, आणि ती बरोब्बर आठ हेक्टर उसाची आहे. शंभर हेक्टर हरभऱ्यातून तेवढं पाणी काढायचं तर साठ हेक्टर हरभरा सोडावा लागेल. ही तुलना ग्रामसभेत आकड्यांनी मांडली की बोलणं वेगळ्या वळणाने जातं, कारण ऊस आठ-दहा घरांचा असतो आणि हरभरा सगळ्या गावाचा. तो वाळला की बीड-धाराशिवच्या वाड्यावस्त्यांवर पुढच्या हंगामाची उचल घेऊन ऊसतोडीला कोयत्यावर जाणाऱ्या जोड्या वाढतात.

‘मग उसाला ठिबक करू’ हे ठरलेलं उत्तर. ठिबकने शेताला दिलेलं पाणी नक्की घटतं. पण पाटाने दिलेल्या जादा पाण्यातलं काही खाली मुरून विहिरीत परत येत होतं, ते आता येत नाही. आणि वाचलेल्या पाण्यावर शेजारचं एकर भिजवलं तर गावाच्या खात्यात शून्य. जगभरच्या सिंचन प्रकल्पांत हाच अनुभव आला, २०१८ साली ‘सायन्स’ या संशोधन नियतकालिकात त्यावर लेखही आला. ठिबक करा, पण क्षेत्र गोठवून.

शेततळ्याचंही तसंच. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात, उतार धरून, सुमारे २२ लाख लिटर मावतात. ते वाहून जाणाऱ्या पावसाने भरलं तर उत्तम. विहिरीतून उपसून अस्तर लावलेल्या तळ्यात भरलं, तर सामाईक पाणी एकाच्या नावावर झालं, वर दिवसाला ५ मिलीमीटर बाष्पीभवन धरलं तरी साडेचार हजार लिटर रोज उन्हाला. ताळेबंदात अशी तळी ‘साठा’ म्हणून जमेला धरलेली दिसतात. ती खर्चात हवीत.

ठरलं तर पाळणार कोण, हा प्रश्न उरतोच. राज्याचा भूजल कायदा साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई करतो. सातशे फुटांच्या बोअरच्या गाड्या गावोगाव फिरतातच. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामाईक साधनांच्या अभ्यासासाठी, पण त्यांचा १९६५ चा पीएचडीचा प्रबंध भूजलावरच होता. लॉस एंजेलिसजवळ अतिउपशामुळे समुद्राचं खारं पाणी विहिरींत शिरत होतं आणि उपसा करणाऱ्यांनीच मोजमापाच्या आधारे कपात मान्य केली. इथलं जवळचं उदाहरण आंध्रचं. तिथे एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) मदतीने सात दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीच पाऊस, पातळी आणि उपसा मोजला. बंदी नव्हती, अनुदान नव्हतं. रब्बीच्या तोंडावर हिशोब सगळ्यांसमोर मांडायचा, पेरा ज्याचा त्याने ठरवायचा. बऱ्याच ठिकाणी जास्त पाण्याची पिकं कमी झाली. सगळीकडे नाही, हेही खरं.

उपसा मोजणं अवघड नाही. २०० लिटरचा ड्रम पंचवीस सेकंदांत भरला तर सेकंदाला ८ लिटर, तासाला २८,८०० लिटर. हे डिसेंबरात आणि मार्चमध्ये पुन्हा मोजा, पातळी खाली गेली की तीच मोटर कमी पाणी फेकते. तासांची नोंद मात्र ऑटो स्टार्टर बिघडवतो: वीज आली की मोटर आपली आपण सुरू, मालक झोपेत. चार-पाच मोटरींना अवर मीटर बसवला तरी अंदाज सुधारतो.

या नोंदींचा आणखी एक उपयोग आहे. नोव्हेंबर ते मे पाऊस जवळपास नसतो, तेव्हा एकूण उपसा भागिले क्षेत्र भागिले पातळीतली घट केली की तुमच्याच खडकाचा आकडा निघतो. तो ०.०२ च्या ऐवजी ०.०१२ आला तर पुढच्या वर्षीचा सगळा हिशोब चाळीस टक्क्यांनी खाली येतो. पहिल्या वर्षी म्हणून हात राखूनच पेरावं.

जानेवारीचं माप चुकवू नका. पावसाळ्यात चढलेल्या चार मीटरपैकी दोनपेक्षा जास्त तोवर उतरले असतील, तर उन्हाळी भुईमुगाचं बी आणायला जाऊ नये.