पीएस४ परत उभा राहिला, पण पीएस५चा हिशोब बदलला

काल दुपारी माझ्या पीएस४वर (सोनीचा प्लेस्टेशन ४ हा गेम कन्सोल) सलग साडेतीन तास गॉड ऑफ वॉर चालला. बाहेर ४२ अंश, खोलीत फक्त सीलिंग फॅन, आणि कन्सोल एकदाही बंद पडला नाही. मार्चपासून हेच ऐकवायची वाट बघत होतो.

मागच्या वेळी लिहिलं होतं ते आठवत असेल. माझा १२०० सिरीजचा जाडा पीएस४ वीस-पंचवीस मिनिटांत विमानासारखा ओरडायचा, स्क्रीनवर ‘पीएस४ खूप गरम झाला आहे’ असा मेसेज यायचा आणि खेळ संपायचा. तेव्हाच ठरवलं होतं की आता दुरुस्ती बास, सरळ पीएस५. पण पन्नास हजारांच्या पुढचं काम, म्हणून आधी एक शेवटचा प्रयत्न.

पहिला उपाय ब्लोअर. मागच्या जाळीतून हवा मारली, पंखा फिरू नये म्हणून आत काडी धरली (हे विसरू नका, ब्लोअरने पंखा जोरात फिरला की तो जनरेटरसारखं उलटं व्होल्टेज बोर्डात ढकलतो). दोन दिवस बरा चालला, तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा वाईट. मग एका दुकानात दिला. १२०० रुपये घेऊन थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलली. आवाज कमी झाला, वेळ पाऊण तासावर गेली, पण बंद पडणं काही थांबलं नाही. माझं डोकं फिरलं. पेस्ट नवी, पंखा चालू, मग उष्णता जाते कुठे?

शेवटी मीच उघडला. टी-९ सिक्युरिटी बिट (स्क्रूड्रायव्हरचं टोक) लागतो. स्क्रूच्या मधोमध खुंटी असते, त्यामुळे साधा टॉर्क्स बसत नाही. ज्या सेटमध्ये तो येतो तोच घ्या, स्वस्त बिट दुसऱ्याच स्क्रूला गोल होतो. खालचं कव्हर, पॉवर सप्लाय, ड्राइव्ह, पत्रा, मदरबोर्ड. रॅमवरचे पॅड न फाटता सुटले, तेव्हा जीव भांड्यात पडला. इथपर्यंत आलं की हीटसिंकचा (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) तांब्याचा माथा दिसतो, पेस्ट बदलता येते, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. मीही थांबणार होतो.

आमचं घर सोलापुरात अशोक चौकाच्या पलीकडे, खाली वडिलांचे टॉवेलचे माग. सुताची धूळ घरात सगळीकडे असते. वडील वर चहाला आले, पत्र्याच्या फटीत बोट घालून त्यांनी एक धागा ओढला आणि म्हणाले, “अरे, हे तोंडाशी अडकलंय. हवा मारलीस ना? हवेनं ठासतं. मोटरीतला कचरा आम्ही फुंकतो का कधी? ओढून काढ.”

हीटसिंक चौकटीतून पूर्ण सोडवला. पंख्याची हवा जिथून पात्यांत शिरते, तिथे करड्या नमद्याची सलग पट्टी बसली होती, बोटाच्या पेराएवढी जाड. ब्लोअरने मी ती बाहेर काढत नव्हतो, आत दाबत होतो. अॅल्युमिनियमची पाती मागाच्या फणीसारखीच (जिच्या दातांतून सूत जातं ती), तितकीच दाट. वडिलांनी फणीतून सूत ओढायचा चपटा हुक आणून दिला. एकेका फटीतून हळूहळू ओढलं, दीड तास लागला. शेवटी पट्टी अखंड सुटली. त्या पातळ हुकाइतकं चपखल हत्यार कन्सोलच्या कुठल्याच किटमध्ये मी पाहिलेलं नाही. नंतर ब्रश, नवी पेस्ट, जोडणी.

आता मूळ प्रश्न. आतेभाऊ सुट्टीला पुण्याहून पीएस५ घेऊन आला होता, त्यामुळे दोन रविवार दोन्ही एकाच टीव्हीवर लावता आले. टीव्ही ३२ इंची, १०८०पी, ६० हर्ट्झ. म्हणजे ४के आणि १२० एफपीएसचा (सेकंदाला १२० चित्रं) मला काडीचा उपयोग नाही, हे हिशोबातून वजा. आकड्यांत पीएस४ची ग्राफिक्सची ताकद १.८४ टेराफ्लॉप, पीएस५ची १०.२८. पण फरक जाणवला तो एसएसडीचा (फिरती तबकडी नसलेली वेगवान ड्राइव्ह). २०१३च्या डिझाइनची ५४०० आरपीएम हार्ड डिस्क एकीकडे, सेकंदाला ५.५ जीबी वाचणारी ड्राइव्ह दुसरीकडे. खेळात मेल्यावर परत उभं राहायची वाट बघणं संपतं, आणि अवघड बॉसपुढे चिकाटी टिकते ती त्यामुळेच.

२०१८चा गॉड ऑफ वॉर तिथे ६० एफपीएसवर चालतो आणि तोच मला सगळ्यात गोड लागला. ब्लडबोर्न मात्र ३०लाच बांधलेला, फक्त लोडिंग आटोपशीर. तुमच्या कपाटात अशा, पीएस५साठी अपडेट न मिळालेल्या डिस्क जास्त असतील, तर नव्या मशीनमध्ये पैसे लगेच दिसणार नाहीत. पण जुन्या डिस्क निदान चालतात तरी. पीएस३चा सेल प्रोसेसरच वेगळा, त्यामुळे पीएस४वर आलो तेव्हा माझ्या पीएस३च्या सगळ्याच डिस्क शोभेला उरल्या. यावेळी दोन्हीकडे एएमडीचं एकाच घराण्यातलं आर्किटेक्चर आहे. डिस्क ड्राइव्हशिवाय येणारी डिजिटल एडिशन त्यामुळेच माझ्यासाठी बाद. इथे मित्रांमध्ये डिस्कची देवघेव चालते, ती सोडणार नाही.

पीएस४मध्ये बसवायला मी ५०० जीबीची साटा एसएसडी आणून ठेवली होती. हे लिहितानाच डोक्यात आलं की आत बसवूच नये. जाड्या पीएस४चा आतला साटा (ड्राइव्ह जोडायची जागा) सेकंदाला ३ गिगाबिटचा, यूएसबी ५ गिगाबिटची. आत बसवली तर पुढे काढताना फॉरमॅट करावी लागणार. तीच यूएसबी केसिंगमध्ये (ड्राइव्ह बाहेरून जोडायची डबी) घालून एक्स्टेंडेड स्टोरेज, म्हणजे बाहेरची जादा साठवण केली, तर पीएस४ला वेग मिळतो आणि उद्या पीएस५ला जशीच्या तशी लागते, पीएस४चे खेळ थेट तिच्यावरून चालतात. पीएस५चे खेळ यूएसबीवर ठेवता येतात, खेळता येत नाहीत, म्हणून आतली जागा त्यांच्यासाठी मोकळी राहील.

म्हणजे एप्रिलमधली खरेदी रद्द. मला हवे असलेले स्पायडर-मॅन २ आणि रॅचेट: रिफ्ट अपार्ट हे दोनच खेळ पीएस४वर मिळत नाहीत, आणि दोन खेळांसाठी मी आत्ता एवढी रक्कम काढणार नाही. रॅग्नारॉक, होरायझन, ग्रान टुरिस्मो ७ या तिन्हींच्या पीएस४ आवृत्त्या आहेत, त्या आधी संपवतो. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत तरी जुनाच.

केसिंग परवा नवी पेठेतून आणतो. यूएसबी ३ची आहे का ते पोर्टातला निळा रंग बघून नको, खोक्यावर वाचूनच घ्यायची. कन्सोल आता जमिनीवरून उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलाय, कारण सूत खाली बसतं. दर अमावास्येला माग बंद ठेवून साफ करतात, त्याच दिवशी हुक घेऊन मीही कव्हर उघडणार.