दोन लहान लेकरं, डोक्यावर कर्ज आणि घरखर्च

क्रेडिट कार्डाची थकबाकी आधी फेडा, बाकी सगळं नंतर. ठासून सांगतेय कारण त्यावर महिन्याला साधारण ३ ते ३.७५ टक्के व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ३६ टक्क्यांच्या वर, तरी लोक मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) भरून निवांत बसतात. आम्ही वाचलेला प्रत्येक रुपया तिकडेच वळवतोय.

आता वाचवायचं कुठून? थोरला दोन वर्षांचा, धाकटी पाच महिन्यांची. डायपर फक्त रात्री आणि बाहेर जाताना. दिवसभर सासूबाईंच्या जुन्या सुती नऊवारीचे लंगोट, त्या साड्या धुऊन धुऊन इतक्या मऊ झाल्यात की पोरीला रॅशच येत नाही, फक्त पावसाळ्यात वाळत नाहीत मग खोलीत पंख्याखाली दोरी बांधायची. सहा महिने होईपर्यंत तिला आईचं दूधच, वरचं पाणीसुद्धा नाही, त्यामुळे डब्याच्या पावडरचा खर्च नाही (ज्यांना दूध पुरत नाही त्यांनी मात्र इथे काटकसर करू नका, प्लीज). लसी सरकारी दवाखान्यात, फुकट. थोरल्याला मूगडाळ-तांदूळ भाजून दळलेल्या पिठाची पेज, वर चमचाभर तूप, पाकिटातलं काही नाही.

आम्ही इंदूरचे, त्यामुळे किराणा महिन्याचा एकदम सियागंजच्या घाऊक बाजारातून, भाजी चोइथराम मंडीतून, शेजारच्या काकूंबरोबर अर्धी-अर्धी. रात्री सराफ्यात भरणाऱ्या खाऊगल्लीतला भुट्ट्याचा कीस मात्र महिन्यातून एकदा खाणारच, तेवढं मी सोडणार नाही.

कार्ड संपलं की पुढचा नंबर पर्सनल लोनचा, त्याला प्रीपेमेंट चार्ज (मुदतीआधी फेडल्याचा आकार) किती लागतो ते बँकेत आधीच विचारून ठेवा.