तुम्ही विचारलंत म्हणून : कचरा काढायचा सोडून बाटल्या कसल्या भरता?

हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी ऐकावा लागतो. देणगीदार विचारतात, नात्यातली माणसं विचारतात. एकदा मी गुडघाभर गाळात वाकून उभी होते, तेव्हा पुलावरून एका गृहस्थांनी ओरडून विचारलं होतं, "अहो ताई, डोळ्यांसमोर एवढं प्लास्टिक तरंगतंय, ते काढा ना! पाणी काय भरत बसलात?" त्यांचा राग खरा होता. नदीवर जीव असल्याशिवाय कोणी पुलावर थांबून ओरडत नाही. हातात उघडी बाटली असल्यामुळे तेव्हा नीट बोलता आलं नाही, ते आज बोलते.

सुरुवात मीही कचऱ्यापासूनच केली. चार वर्षं आम्ही दर महिन्याला काठ साफ करत होतो. हातमोजे, पोती आणि गाडीभाडं यांत जमलेला सगळा पैसा जायचा. संध्याकाळी पोत्यांच्या ढिगापुढे फोटो काढायचा आणि समाधानाने घरी जायचं. ते काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही. काठ मोकळा झाला, मुलं पुन्हा पाण्याजवळ येऊ लागली. पण त्याच काठावर जाळं टाकणारे एक काका आमच्याकडे रोज बघायचे, आणि एक दिवस न राहवून म्हणाले, "पोरी, तुम्ही वरचं काढता. माझ्या जाळ्यात येतं ते खालचं." नदीच्या एका वळणावर तळाशी राहणाऱ्या माशांच्या अंगावर फोड दिसतात आणि पूर्वी हाताला लागायचे ते खेकडे आता तिथे नाहीत, हे ते कित्येक वर्षं बघत होते. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आम्हीही नाही.

आम्ही त्या वळणावरचं पाणी तपासलं. सगळे आकडे मर्यादेत आले. मग काकांच्या सांगण्यावरून तिथलाच गाळ तपासला, आणि त्यात शिसं आणि कॅडमियम वरच्या अंगाच्या गाळापेक्षा कितीतरी पट जास्त निघालं. जागा एकच, दिवस एकच, आणि उत्तरं दोन. तेव्हापासून आमच्या पैशाची दिशा बदलली.

असं का होतं? जड धातू पाण्यात फार वेळ मोकळे फिरत नाहीत. ते गाळाच्या अगदी बारीक कणांना चिकटतात. प्रवाह मंदावला की हे कण खाली बसतात, म्हणजे वळणांवर, बंधाऱ्यांच्या मागे, खोल डोहात. पाणी पुढे निघून जातं आणि विष मागे राहतं. पुराच्या वेळी ते पुन्हा उठतं आणि पुढच्या डोहात जाऊन बसतं. प्लास्टिकची पिशवी निदान दिसते तरी. कॅडमियम दिसत नाही, त्याला वास नाही, ते कुजत नाही. पाऱ्याची गोष्ट तर आणखी वाईट आहे. चिखलातले काही जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात, म्हणजे त्याच्या जास्त घातक रूपात, रूपांतर करतात. तो किड्यांतून लहान माशात, लहान माशातून मोठ्या माशात जातो आणि प्रत्येक पायरीवर साठत वाढतो. सगळ्यात मोठा मासा खाणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त.

अमेरिकेतल्या हडसन नदीचं उदाहरण मी नेहमी देते. तिच्या काठच्या दोन कारखान्यांतून १९४७ ते १९७७ या तीस वर्षांत पीसीबी नावाची तेलकट रसायनं नदीत गेली. अंदाज असा की जास्तीत जास्त सहा लाख किलोपर्यंत. बराचसा माल एका जुन्या धरणाच्या मागच्या गाळात अडकून होता. १९७३ मध्ये ते धरण पाडलं आणि तो गाळ खालच्या अंगाला वाहत सुटला. वाईट हेतू कोणाचाच नव्हता, पण गाळात काय आहे याचा विचार आधी झाला नाही. पुढे २००९ ते २०१५ या काळात यंत्रं लावून तो गाळ उपसावा लागला, आणि त्याचा खर्च प्रदूषण करणाऱ्या कंपनीला उचलावा लागला. म्हणून कोणी उत्साहाने "चला, श्रमदानातून डोहातला गाळ काढू" म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. आधी तपासा. विषारी गाळ ढवळणं हे तो तसाच पडू देण्यापेक्षा जास्त घातक ठरू शकतं, आणि उघड्या हातांनी तो उपसणाऱ्यांच्या अंगाला तो लागतो तो वेगळाच.

आता बाटल्यांकडे येते, कारण "पाणी भरायला पैसे कशाला लागतात?" हा पोटप्रश्न ठरलेला असतो. धातूंसाठी आम्लाने धुतलेली प्लास्टिकची बाटली लागते आणि नमुन्यात नायट्रिक आम्लाचे थेंब घालावे लागतात, नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या बाजूलाच चिकटून बसतात आणि प्रयोगशाळेत आकडा खोटाच कमी येतो. पीसीबीसारख्या रसायनांसाठी मात्र गडद काचेची बाटली हवी. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं घातक रूप, तपासायचं तर नमुना साधारण एका दिवसाच्या आत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. नुसतं 'एकूण क्रोमियम' मोजून ते कळत नाही. सोबत एक कोरी बाटली न्यायची, शुद्ध पाण्याची. ती काठावर उघडून पुन्हा बंद करायची, म्हणजे विष नदीतलं की आपल्या हाताळणीतलं हे ताडता येतं. नाल्याच्या तोंडाच्या वर एक नमुना आणि खाली एक. वरचा नसेल तर खालच्याला अर्थ उरत नाही, कारण "हे आमच्या आधीपासूनच पाण्यात होतं" असं कारखान्याचं उत्तर लगेच येतं. शिवाय प्रत्येक बाटली कोणी भरली, कोणी नेली, कोणाच्या ताब्यात किती वाजता दिली याचा सह्यांनिशी कागद हवा. आमचा पहिला चांगला पुरावा याच एका कागदापायी बाद झाला. आकडे बरोबर होते, पण मधल्या एका रात्री बाटल्या कोणाकडे होत्या हे लिहिलेलं नव्हतं. आठ महिन्यांची मेहनत गेली. आजही ते आठवलं की त्रास होतो.

विद्युतवाहकता मोजणारं हातातलं छोटं मीटर मात्र स्वस्तात मिळतं आणि फार उपयोगाचं असतं. पाण्यात काय मिसळलंय हे ते सांगत नाही, पण काहीतरी मिसळलंय आणि कधी, हे सांगतं. आमच्याकडे पहाटे तीन ते पाच या वेळात आकडा चढायचा. मग महागडा नमुना कधी घ्यायचा हे आपोआप ठरलं.

इथे दुसरा प्रश्न येतो, आणि तो जास्त अवघड आहे : हा खर्च लोकांनी का करायचा? ज्याने विष सोडलं त्याने करावा. मला हे पूर्ण मान्य आहे. पण कोणी सोडलं हे सिद्ध करण्याचा खर्च आधी कोणीतरी उचलतोच, आणि बहुतेक वेळा तो नदीकाठच्या माणसांनीच उचललेला असतो.

जपानमधल्या जिंझू नदीची हकिकत यासाठी मला सगळ्यात जवळची वाटते. वरच्या डोंगरात कामिओका ही जस्त-शिशाची खाण, तिच्यातून कॅडमियम नदीत, नदीतून भातखाचरात, भातातून माणसांत. हाडं इतकी ठिसूळ व्हायची की नुसत्या हालचालीने मोडायची. आजारी पडणाऱ्यांत बहुतेक मध्यमवयाच्या आणि वृद्ध बायका. त्या "इताई, इताई" म्हणजे "दुखतंय, दुखतंय" म्हणत कण्हायच्या, तेच आजाराचं नाव पडलं. नोबोरू हागिनो या तिथल्याच डॉक्टरांनी खाणीकडे बोट दाखवलं तेव्हा त्यांना टोमणेच ऐकावे लागले. १९६८ मध्ये सरकारने कारण मान्य केलं, त्याच वर्षी कुटुंबं कोर्टात गेली, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये वरच्या कोर्टातही जिंकली.

मला महत्त्वाचं वाटतं ते निकालाच्या दुसऱ्या दिवशी घडलेलं. लोक थेट कंपनीच्या मुख्य कार्यालयात गेले आणि आजाराच्या भरपाईच्या व जमीन सुधारण्याच्या हमीबरोबर एक तिसरा कागद सही करून घेऊन आले. त्यात असं ठरलं की गावकरी त्यांना हव्या त्या तज्ज्ञांना घेऊन कधीही खाणीच्या आवारात शिरतील, सांडपाणी आणि टाकाऊ मालाचे ढीग तपासतील, कागदपत्रं मागतील, आणि याचा खर्च कंपनी देईल. तेव्हापासून दरवर्षी ही पाहणी होत आली आहे आणि नदीतलं कॅडमियम निसर्गतः असतं त्या पातळीच्या जवळ उतरलं. ८६३ हेक्टर शेतजमिनीची माती सुधारायला मात्र ३३ वर्षं आणि सुमारे ४,०७० कोटी येन लागले. ते काम २०१२ मध्ये संपलं. पाणी आधी निवळतं, जमीन फार उशिरा.

पैसा कंपनीचा, पण तज्ज्ञ कोण हे गावकऱ्यांनी ठरवायचं. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. अमेरिकेत विषारी कचऱ्याच्या जागा साफ करण्यासाठी असलेल्या सुपरफंड कायद्याखाली बाधित वस्तीच्या गटाला स्वतंत्र तांत्रिक सल्लागार नेमायला ५० हजार डॉलरपर्यंत अनुदान मिळू शकतं. इतक्या रकमेत नदी साफ होत नाही, पण हजार पानांच्या अहवालात काय लपलंय हे सांगणारं आपलं माणूस मिळतं. त्याच सुपरफंडसाठी रसायन आणि तेल उद्योगांवर जो कर होता तो १९९५ अखेर संपला आणि रसायनांवरचा कर परत लावण्याचा कायदा व्हायला २०२१ साल उजाडलं. मधल्या काळात भार सामान्य करदात्यावर आला. निधीचा झरा कुठला हे म्हणूनच बघायला हवं.

आमच्याकडेही वरच्या अंगाच्या एका कारखान्याने सफाई मोहिमेला टी-शर्ट आणि पोती देऊ केली होती. आम्ही म्हटलं, ते नको, तुमच्या सांडपाण्याच्या तोंडाशी महिन्यातून एकदा नमुना घेऊ द्या. नकार आला. आमच्यातच यावरून वाद झाला. "मिळतंय ते घ्या, कामाला तर येईल" म्हणणारे दोघं सोडून गेले. दोघंही कष्टाळू होती आणि मला त्यांची उणीव भासते. तरी तो निर्णय मी पुन्हा तसाच घेईन.

तर देणगी द्यायची असेल तर एवढंच बघा. एका कार्यक्रमासाठी मोठी रक्कम देण्यापेक्षा थोडी थोडी तीन-चार वर्षं द्या, कारण पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे आकडे सलग काही वर्षं हातात आल्याशिवाय कोणीही ते मानत नाही. पावतीवर 'तपासणी' असं लिहून घ्या. आणि अहवाल मागा, आकडे वाईट असतील तेव्हा तर नक्की मागा. वेळ देणार असाल तर आम्हाला पहाटे अडीचला काठावर दोन माणसं कमी पडतात, एक मीटर धरायला आणि एक वही लिहायला.

काका अजून तिथेच जाळं टाकतात, पण त्या वळणाच्या बरंच वरच्या अंगाला. दर महिन्याला विचारतात, "या खेपेचा आकडा काय?" या खेपेला पहाटेचं मीटर प्रथमच सलग सहा आठवडे चढलेलं नाही. गाळातलं शिसं आहे तेवढंच आहे. मी दोन्ही त्यांना सांगितलं.